मुळशीच्या धरणकाठी एक जळालेली उडवी

पुण्याहून निघावे, चांदणी चौक ओलांडावा, भूगाव-पिरंगुट मागे टाकावे आणि पौडचा बाजार गेला की मुळशी खोऱ्याचा खरा रस्ता सुरू होतो. दोन्ही हातांना भाताची खाचरे, मध्येच नाचणीचा तुकडा, वर सह्याद्रीच्या काळ्या कड्यांची रांग. मालेच्या पुढे धरणाचे पाणी दिसू लागते आणि पुढे ताम्हिणी घाटापर्यंत ते सोबत सोडीत नाही. पावसाळ्यात ताम्हिणीला पाच हजार मिलिमीटरच्याही पुढे पाऊस पडतो. पण हे खोरे पाहायचे तर दिवाळीच्या सुमारास पाहावे. भात कापणीला आलेले असते. कुठे आंबेमोहोराचा वास येतो, तर बहुतेक खाचरांत आपली इंद्रायणी उभी असते. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली ही जात निघाली. तिच्या अंगात आंबेमोहोराचेच रक्त आहे. शेतकऱ्याने तिला जे घरात घेतले ते कायमचे.

नोकरीच्या निमित्ताने या वाटेवर माझे किती हेलपाटे झाले असतील याची मोजदाद नाही. बियाणे, रोपवाटिका, चारसूत्रीची प्रात्यक्षिके, पिकाचे पंचनामे. आज मात्र वाचकांना घेऊन जायचे आहे ते अशा एका पंचनाम्याला, की जो करून परतताना माझ्याकडून रात्रभर झोप लागली नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. सकाळीच निरोप आला, "साहेब, खळ्यावरची उडवी जळाली. लवकर या." गाव मी सांगत नाही. धरणाच्या अंगाला आहे एवढे पुरे. गेलो तो खळ्यावर अजून धूर होता. भाताच्या भाऱ्यांची रचलेली उडवी जळते तेव्हा वरून काळी पडते आणि आतून दोन दोन दिवस धुमसते. जळक्या दाण्याचा एक वास असतो. लाह्यांसारखा. त्या वासाने भूक लागते आणि आपलीच आपल्याला लाज वाटते.

गावात दोन घरांचे जुने वैर होते. एकाने दुसऱ्याची शेतावर जाण्याची वहिवाटीची वाट काटे टाकून बंद केली होती. गाडी जाईना, ट्रॅक्टर जाईना. कापलेले भात डोक्यावरून आणायचे तर मजूर मिळेना. परतीचा पाऊस आला आणि दुसऱ्याचे अर्धे भात खाचरातच कुजले. अन्याय झाला होता यात शंका नाही. त्याचे कुजलेले भात मी स्वतः हातात धरून पाहिले आहे. त्या रागात एका रात्री त्याने वैऱ्याच्या शेतातल्या खळ्यावर जाऊन उडवी पेटवून दिली.

पण उडवी वैऱ्याची नव्हती. ते शेत एका कातकरी जोडप्याने वाट्याने केले होते. भाऱ्यांची वाटणी आदल्याच दिवशी झाली होती. मालकाचे भारे त्याच्या अंगणात सुखरूप पोचले होते. खळ्यावर उरले होते ते वाटेकऱ्याचे. चार महिन्यांचा चिखल, चार महिन्यांची कंबर आणि पुढच्या वर्षाचे बियाणे, सगळे त्यात होते.

गावकऱ्यांनी त्या माणसाला पुढे आणले. त्याने नाकारले नाही. मी विचारले, "उडवी कुणाची आहे हे तुम्हांला ठाऊक नव्हते का?"

तो म्हणाला, "ठावं व्हतं. पण त्याचाच मानूस ना त्यो!"

राखेजवळ ती कातकरी बाई बसली होती. तिने मान वर करून एवढेच विचारले, "आमी कुनाची वाट आडवली व्हती?"

पंचनाम्याच्या कागदावर या प्रश्नाला जागा नसते. मी तो डोक्यात घेऊन परत निघालो. धरणाच्या काठावर गाडी थांबवली आणि पाण्याकडे पाहत बसलो. आणि ध्यानात आले, की हा प्रश्न विचारायला या पाण्याइतकी योग्य जागा दुसरी नाही.

मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमापाशी हे धरण आहे. टाटांच्या वीज कंपनीने ते पहिल्या महायुद्धानंतर बांधायला घेतले. पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवायचे, डोंगरातून पश्चिमेला वळवायचे, कोकणात भिऱ्याला खाली सोडायचे आणि त्यावर वीज करून मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची, अशी ती योजना. त्यासाठी सुमारे पन्नास गावांतल्या मावळ्यांच्या जमिनी जाणार होत्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेतकरी धरणाच्या जागेवर जाऊन बसले. बायकाही बसल्या, तुरुंगातही गेल्या. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेले हे जगातले पहिले आंदोलन, असे राजेंद्र व्होरा यांनी त्याच्या इतिहासात म्हटले आहे. शेवटी धरण झालेच. पुष्कळशा जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. त्यांनी मोबदला घेतला आणि कसणारा उघडा पडला.

या सत्याग्रहाचे पुढारी पांडुरंग महादेव बापट. मुळशीनेच त्यांना 'सेनापती' केले. हे पारनेरचे बापट आधी कोण होते, हे आजच्या तरुणांना फारसे ठाऊक नसते. शिष्यवृत्ती मिळवून ते १९०४ साली विलायतेत शिकायला गेले. तेथून पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून बाँब करण्याची विद्या शिकले. त्यांच्याबरोबर बंगालचे हेमचंद्र दास होते. ती विद्या कागदावर उतरून हिंदुस्थानात आली आणि तिचा पहिला गाजलेला उपयोग झाला मुझफ्फरपूरला.

ती हकीकत मुळशीच्या काठावर आठवण्याचे कारण आहे. कलकत्त्यातला किंग्जफोर्ड हा न्यायाधीश तरुणांना फटक्यांच्या क्रूर शिक्षा देई. त्याची मुझफ्फरपूरला बदली झाली. ३० एप्रिल १९०८ च्या रात्री खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी त्याची समजून एका घोडागाडीवर बाँब टाकला. बाँब हेमचंद्रांच्या हातचा होता. गाडीत किंग्जफोर्ड नव्हता. तेथले वकील प्रिंगल केनेडी यांची पत्नी आणि मुलगी होती. दोघी मेल्या. त्या मायलेकींनी कुणाला फटके मारले नव्हते. प्रफुल्लने स्वतःवर गोळी झाडून घेतली. खुदीराम ११ ऑगस्टला फासावर गेला, तेव्हा त्याचे वय अठरा वर्षांचे होते. त्या पोराच्या धैर्यापुढे मान लवते. पण त्या दोघींचे काय, हा प्रश्न मान लवल्याने मिटत नाही.

लोकमान्य टिळकांनी त्यावर 'केसरी'त १२ मे १९०८ रोजी 'देशाचे दुर्दैव' हा अग्रलेख लिहिला. घडले ते वाईटच घडले, पण दडपशाहीने तरुणांना या थराला आणले हे सरकारने ओळखावे, असा त्यांचा रोख होता. सरकारने त्याला राजद्रोह ठरवले आणि त्यांना सहा वर्षे मंडालेला धाडले. येथे आपण नीट थांबून पाहिले पाहिजे. राग कुठून आला हे सांगणे वेगळे आणि रागाने जे केले ते बरोबर म्हणणे वेगळे. रोग का पडला हे सांगणारा माणूस रोगाची बाजू घेत नसतो. आम्ही शेती खात्यातली माणसे रोजच करप्याचे कारण सांगतो, म्हणून करप्याचे वकील होत नाही. कारण सांगू दिले नाही तर उपाय सापडत नाही. पण कारण सापडले म्हणजे हिशेब चुकता झाला असेही नाही.

बापट काही वर्षे अज्ञातवासात राहिले. पुढे पकडले गेले, सुटले आणि मुळशीला आले. बाँबची विद्या शिकलेला हा माणूस येथे शेतकऱ्यांबरोबर निःशस्त्र बसला, पुन्हा पुन्हा तुरुंगात गेला. मात्र त्यांची अहिंसा गांधीजींइतकी काटेकोर नव्हती, हेही सांगितले पाहिजे. लढा हरत आला तेव्हा, १९२४ साली, त्यांनी मोजक्या साथीदारांसह हत्यारे घेतली, रुळांवर दगड रचले आणि धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली. त्याबद्दल त्यांनी सात वर्षांची शिक्षा भोगली. त्या कृतीचा मी पुष्कळदा विचार करतो. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्या गाडीवर पोटासाठी काम करणारी माणसेही होती. धरण कुठे बांधायचे हे त्यांनी ठरवले नव्हते. इतका मोठा, इतका निःस्वार्थी माणूससुद्धा रागाच्या भरात त्या कडेपर्यंत जातो, तर आपली काय कथा? म्हणून ही कड कुठे आहे हे डोके थंड असतानाच पाहून ठेवावे.

धरणात जमीन गेलेल्या घरातले एक म्हातारे मला पाण्याच्या काठीच भेटले. गुरे पाजायला आले होते. उडवीची बातमी त्यांना लागली होती. मी त्यांना म्हणालो, "बाबा, तुमची तर पिढीच्या पिढी बुडाली. राग येत नाही?"

ते म्हणाले, "येतो की. आज्याची जमीन या पान्याखाली हाय. ईज ममईला गेली, आमच्या वाडीत दिवा लई उशिरानं आला. पन साहेब, माझा बाप ममईला गिरणीत व्हता. त्याच इजेवर त्याचा माग चालायचा, त्याच पगारावर मी वाढलो. आता राग कुनावर काढू? बापावर?"

मोठमोठ्या सभांतून ऐकले नाही ते शहाणपण या माणसाने दोन वाक्यांत सांगितले. अन्यायाचा लाभ दूरवर कुठे कुठे झिरपतो. तो ज्याच्या ज्याच्या ताटात पडला त्या प्रत्येकाला गुन्हेगार धरू लागलो तर शेवटी आपलेच घर त्या यादीत निघते. ज्याने अन्याय केला तो एक. ज्याच्या नावावर, जातीवर, धर्मावर किंवा गावावर त्या माणसाशी सारखेपणा आहे तो दुसरा. सूडाला हा भेद दिसत नाही. त्याला जवळचा माणूस हवा असतो. आपल्या वाडवडिलांनी याला फार पूर्वीच नाव दिले आहे: वड्याचे तेल वांग्यावर.

हाच रस्ता पुढे ताम्हिणी उतरून माणगावला जातो. तेथून श्रीवर्धनच्या बाजूला गेले की समुद्रकाठी शेखाडी नावाचे गाव लागते. नारळी-पोफळीचे गाव. फेब्रुवारी १९९३ मध्ये या किनाऱ्यावर स्फोटके उतरवली गेली आणि १२ मार्चला मुंबईत एकामागून एक स्फोट झाले. २५७ माणसे मेली. त्याआधी डिसेंबर आणि जानेवारीत मुंबईत दंगली झाल्या होत्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे त्यांत ९०० माणसे मेली आणि त्यांत मुसलमान अधिक होते. अयोध्येच्या आणि मुंबईच्या घटनांची प्रतिक्रिया म्हणून हे स्फोट झाले, असेही आयोगाने नोंदवले. हेही कारणच सांगणे झाले, आणि ते सांगायलाच हवे होते. पण वरळीच्या सेंच्युरी बाजारापुढे बसमध्ये बसलेल्या माणसाने कुणाचे घर जाळले होते? आणि त्याच्याही आधी, जानेवारीत ज्याचे दुकान जाळले त्या बेकरीवाल्याने कुणाचे काय मोडले होते? एका उडवीच्या बदल्यात दुसरी उडवी. दोन्ही वेळा भारे भलत्याचेच.

आपल्या खेड्यापाड्यांनीही हे केले आहे. ते दुसऱ्याच्या माथी मारून चालणार नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी नथुराम गोडसे याने गांधीजींचा खून केला. त्यानंतरच्या दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत आणि इतरत्रही ब्राह्मणांची घरे जाळली गेली. कटाचा पत्ताही नसलेली माणसे रातोरात उघड्यावर आली. व्यंकटेश माडगूळकरांनी 'वावटळ' या कादंबरीत ते दिवस लिहून ठेवले आहेत. जुन्या सावकारीचा राग खरा होता, बापूंच्या खुनाचे दुःखही खरे होते. पण ज्याने आयुष्यभर सूड घेऊ नका असे सांगितले, त्याच्याच नावाने सूड घेतला गेला. अनेक ठिकाणी शेजाऱ्यांनी त्या घरांतली बायकामुले आपल्या घरात लपवली, हीच त्यातल्या त्यात गावाची अब्रू.

आणि याच पुणे जिल्ह्यात उलट उदाहरणही आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. कर्जाने गांजलेले, जमिनी गमावलेले लोक. त्यांनी मागितल्या त्या वह्या आणि कर्जरोखे, आणि तेच जाळले. लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. लूट झाली, घरांनाही आगी लागल्या, हे खरे. तरी माणसांवर जिवावरचे हल्ले क्वचितच झाले, असे चौकशी करणाऱ्या आयोगाने नोंदवले आहे. चार वर्षांनी, १८७९ साली, शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या शेतकऱ्यांना आपला राग कोणत्या पत्त्यावर पाठवायचा हे पुष्कळ अंशी ठाऊक होते. गळ्याला फास कागदाचा होता, म्हणून त्यांनी कागद जाळला.

शेतकरी बंधूंनो, भातावर तुडतुडे आले की आपण काय करतो? घाबरून हाताला लागेल ते जहाल औषध मारतो. तुडतुडे मरतात, पण त्यांना खाणारे कोळी आणि मित्रकिडेही मरतात. पंधरा दिवसांनी तुडतुडे परत येतात ते दुप्पट, कारण त्यांना आवरणारे कुणी उरलेलेच नसते. सूडाचे अगदी असेच आहे. दोन बाजूंच्या मध्ये समजुतीची, मध्यस्थीची, पोटापाण्यात गुंतलेली जी साधी माणसे असतात, तीच सूडात आधी मरतात. मग भांडण आवरायला कोणी उरत नाही.

म्हणून म्हणतो, सूड हे कारण असू शकते, समर्थन कधीच नाही. निर्दोष माणसावर हात टाकणाऱ्याला "माझ्यावरही अन्याय झाला होता" असे म्हणता येईल आणि ते आपण ऐकूनही घ्यावे. पण त्या बोलण्याने त्याला त्या कातकरी बाईच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ज्याने वाट अडवली त्याच्याकडे त्याचे येणे होते. तिच्याकडे त्याचे काहीच येणे नव्हते. भलत्याच्या खात्यातून वसूल केलेले येणे हे वसुली नव्हे, ती चोरी होय. चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्याने चोर तर राहतोच, वर आपण एक नवा चोर होतो.

आणि पत्ता असतो, हेही सांगून ठेवतो. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याखाली तहसीलदारांकडे दावा लावता येतो आणि अडथळा दूर करून मिळतो. वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावे लागते, एवढेच. त्या माणसाला हे कुणी सांगितले नव्हते. मीही इतकी वर्षे त्याला खतांच्या मात्रा सांगत होतो, हे सांगितले नव्हते. तो दोष माझ्याकडेही येतो.

पुढे काय झाले ते सांगून पुरे करतो. देवळात बैठक बसली. उडवी जाळणाऱ्याने जळाले तेवढे भात आपल्या कणगीतून मोजून द्यायचे ठरले. त्याने खळखळ न करता पोती आणून देवळात लावली. काटेही निघाले. पण पोती न्यायला कुणी आले नाही. ते जोडपे पोरांना घेऊन दोन दिवस आधीच वीटभट्टीवर निघून गेले होते. घरात दाणा नाही तर बसून काय करणार? पोती तशीच राहिली. उंदरांनी दोन फोडली.

मृगाच्या तोंडावर ती बाई परत आली, तेव्हा मी रोपवाटिकेच्या कामाने गावात होतो. पोती तिच्या झोपडीपाशी नेऊन ठेवायला तो माणूस स्वतः आला होता. खाली मान घालून त्याने एकेक पोते उतरवले. शेवटच्या पोत्यापाशी तो थांबला आणि म्हणाला, "बाय, चुकलं."

ती काही बोलली नाही. पोत्याचे तोंड सोडून तिने मूठभर भात काढले, दाताखाली एक दाणा फोडून पाहिला आणि माझ्याकडे वळून विचारले, "साहेब, हे बियान्याला चालंल का?"

चालेल, असे मी सांगितले. रोपे टाकायला अजून आठ दिवस होते.